पोतीचं माप

माझे वडील पटवेकरी.
पारोळ्याच्या सराफात एका पेढीच्या पायरीवर
पायाच्या अंगठ्याला रेशीम ताणून बसायचे,
गावोगावच्या बायकांच्या पोती गाठायचे.
गळ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.
दोरा बाईच्याच हाती द्यायचे.
ती माप घ्यायची, चिमटीत धरून परत करायची,
ते तिथे गाठ मारायचे.
दर बाईचा एक दोरा. सगळे तंबाखूच्या डब्यात.

मी बसस्टँडमागच्या लॅबमध्ये रक्त काढते.
मंगळवारी सुपडाबाई आली, उपाशीपोटी,
चेहरा भिजवलेल्या डाळीसारखा फुगलेला,
भर मे महिन्यात अंगावर शाल.
फॉर्म नवीन आलेत, बायकांसाठी एक पान जास्त.

पाळी कधी सुरू झाली?
"कापूस येचाले लागनू, त्याच साली."
तेरा, मी लिहिलं.
पोरं किती?
"दोन. एक आंडोर, एक आंडेर."
दिवस किती वेळा राहिले?
ती पंख्याकडे बघत राहिली.
"त्या बी मोजाना का?"
हो, त्याही.
"मंग चार."
पाळी गेली?
"आंडेर बाळतीन व्हयनी, तवय मन्ही बंद पडनी."

मग स्वतःहूनच सांगितलं,
तिच्या आधीची तिघं पाळण्यातच गेली,
म्हणून हिला जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं,
नाव ठेवलं सुपडा.
तिच्या आईला कुणी फॉर्म दिला नव्हता.
तिने हिशेब लेकीच्या नावातच लिहून ठेवला.

गळ्याशी पोत रुतलेली.
सुई काढली तरी ती हात सरळ करेना,
कापसाचा बोळा दाबून कोपर दुमडून बसली,
कडेवर कुणीतरी असल्यासारखी.
"घरना म्हनतस, अंग धरं, सुख लागनं."
बारा वर्षं झाली म्हणे, सकाळी उठवत नाही.
केस गळतात ते बोअरच्या पाण्याने, असं ठरलेलं.
आवाज बसला तो भांडून.

संध्याकाळी वडिलांपुढे डबा ठेवला.
मोतीबिंदू पिकलाय, पण बोटांना दिसतं.
सुपडाबाईचा दोरा त्यांनी चाचपूनच काढला,
टोकाला काचेचा हिरवा मणी.
सहा गाठी.
"ही लग्नातली.
ही पोरगा झाला तेव्हा. ही पोरगी.
आणि ही शेवटची, आता आता, चारेक वर्षं."
राहिल्या दोन. एक पोरांच्या मधे, एक नंतर.
त्या कशाच्या, मला काय ठाऊक, म्हणाले.
आली, म्हणाली पोत आवळते,
दोन मणी वाढवून दिले. पैसे नाही घेतले.
का नाही घेतले, अप्पा?
"पेढे आले नव्हते."

थायरॉईडचा आकडा आला बेचाळीस.
डॉक्टरांनी गोळी लिहून दिली,
रोज उठल्या उठल्या, चहाच्या अर्धा तास आधी.
सुपडाबाईला आजाराचं काही वाटलं नाही,
चहाचं वाटलं.
जिना उतरताना थांबली, वळून म्हणाली,
"लिखं ना तू? चार?"
लिहिलंय.
"नावं बी लिखतस का?"
नावांना रकाना नाही, बाई.
"बरं शे. ठेयेलच नव्हतं."
आणि रेलिंगला धरून एकेक पायरी उतरली.

रात्री दिवे घालवताना मी विचारलं,
डब्यात माझा दोरा का नाही?
"तू घालतेस कुठे पोत," वडील म्हणाले,
आणि रिळावरून हातभर लाल रेशीम तोडून दिलं.
मी आतल्या खोलीत गेले, दार लोटलं.
माप घेतलं. एक गाठ मारली.
मग दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाशी,
जिथे माप वगैरे काही नसतं,
आणखी एक.

परत दिला तेव्हा त्यांनी बोट फिरवलं
दोन्हींवरून. काही बोलले नाहीत.
सकाळी उशाशी पाहिलं,
आदल्या दिवशी दुकानातून आणलेली सुपारी होती,
तिच्या पुडीखाली माझा फॉर्म,
कोरा.